घरासाठी जुना दुकानी फ्रिज घेताय? आधी दोन तास त्याच्यासमोर बसा

हॉटेल बंद पडलं, आइस्क्रीम पार्लर उठलं, किराणावाल्याने दुकान आवरलं की त्यांचे फ्रिज निम्म्या किमतीत, कधी पाव किमतीत बाहेर येतात. तीनशे लिटरचा डीप फ्रीझर त्या भावात मिळतोय म्हटल्यावर मोह होणारच. त्यात गावाहून मे महिन्यात आंब्याच्या पेट्या येत असतील, जानेवारीत मटार सोलून वर्षभराची सोय करायची सवय असेल, किंवा १ जूनला मासेमारी बंदी सुरू होण्याआधी सुरमई भरून ठेवायची असेल, तर घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा कुठवर पुरणार?

माझं मत आधीच सांगून टाकतो. वरून उघडणारा जुना डीप फ्रीझर पारखून घेतला तर फायद्याचा ठरतो. काचेच्या दाराचा व्हिसी कूलर बहुतेक घरांना महाग पडतो. स्टीलचा चार दारांचा उभा फ्रिज फ्लॅटमध्ये आणू नये. वाडा असेल, बंगल्यामागे ऐसपैस पडवी असेल आणि रोज वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक होत असेल, तरच त्याचा विचार करा.

तिन्ही यंत्रांचा स्वभाव

डीप फ्रीझर म्हणजे पेटी. गार हवा जड असते, त्यामुळे झाकण वर उचललं तरी ती पेटीतच बसून राहते. म्हणून याचं बिल बेताचं येतं. तीनशे लिटरची, रबर शाबूत असलेली पेटी दिवसाला साधारण दोन ते तीन युनिट घेते. यातही 'हार्ड टॉप', म्हणजे पत्र्याचं जाड झाकण असलेलीच घ्यावी. 'ग्लास टॉप' आइस्क्रीम दाखवून विकण्यासाठी असतो. काचेतून ऊष्मा आत शिरतच राहतो आणि एप्रिलमध्ये मशीन थांबायचं नाव घेत नाही. काही पेट्यांना फ्रीझर आणि कूलर असं दोन्ही चालवण्याचं बटण असतं. घरासाठी ही सोय फार कामाची. मे ते पावसाळा फ्रीझर ठेवा, दिवाळीत आणि लग्नकार्यात कूलर.

पेटीचे तोटेही ऐकून घ्या. तळाला गेलेली वस्तू सहा महिन्यांनी सापडते. बर्फ हाताने वितळवावा लागतो. आणि वाकून सामान काढावं लागतं, त्यामुळे घरातली मोठी माणसं ती वापरणार असतील तर आधी त्यांना एकदा वाकून पाहायला सांगा.

व्हिसी कूलर बाटल्या गार करण्यासाठी बनलेला असतो. दुकानात दार सतत उघडणार आणि गरम बाटल्या पटापट गार व्हायला हव्यात, म्हणून त्याचा कॉम्प्रेसर दणकट आणि आतला पंखा जोरदार असतो. घरात हेच गुण नडतात. झाकण नसलेली कणीक, चिरलेली भाजी, कोथिंबीर त्या वाऱ्याने सुकून जाते. भाजीचा खण नाही, बर्फाचा कप्पा नाही. दिवा कायम लागलेला, आणि उजेडात दूध-लोण्याची चव बिघडते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, काचेला घाम सुटून खाली पाणी साचतं. आवाज घरच्या फ्रिजच्या कितीतरी वर असतो. दुकानात तो रहदारीत बुडून जातो, वन बीएचकेमध्ये रात्री दोन वाजता जात नाही.

चार दारांचा फ्रिज साधारण चार फूट रुंद, अडीच फूट खोल, साडेसहा फूट उंच आणि शंभर किलोच्या वर. आपल्या स्वयंपाकघराचं दार बहुधा अडीच ते तीन फुटांचं. दारातून आडवा वळवून नेता येतो, पण जिन्याचं वळण आणि लिफ्ट आडवी येते. विजेचं तर विचारूच नका.

दवाखाना, औषध कंपनी किंवा प्रयोगशाळेतून आलेला फ्रिज कितीही स्वच्छ दिसला तरी अन्नासाठी घेऊ नये. त्यात आधी काय सांडलं होतं हे कुणी सांगू शकत नाही.

खरी किंमत मीटरवर असते

महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. समजा, तुमच्या घरी महिन्याला २५० युनिट जातात. रोज पाच युनिट खाणारा व्हिसी कूलर आणलात तर महिन्याचे दीडशे वाढले आणि त्यातले शंभर वरच्या टप्प्यात गेले. वहन आकार आणि वीज शुल्क धरून ही वरची युनिटं प्रत्येकी दहा रुपयांच्या पुढेच जातात. म्हणजे महिन्याला दीड हजार, वर्षाला अठरा हजार, तेही कमीत कमी. जुना कूलर पंधरा हजारांत मिळाला म्हणून खूश असाल, तर पहिल्याच वर्षी तेवढेच पैसे पुन्हा जातात. पेटी रोजच्या अडीच युनिटवर याच्या निम्म्यात भागते.

विकणाऱ्याकडे यंत्र नेमकं किती वीज खातं हे पाहायची एक सोपी युक्ती आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक हे छापलेलं असतं, बरेचदा ३२०० किंवा १६००. बाकी सगळं बंद करून फक्त फ्रिज चालू ठेवा आणि एक मिनिट मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला सोळा वेळा दिवा लुकलुकला, तर यंत्र त्या क्षणी ३०० वॉट घेतंय. प्लगमध्ये बसवायचं छोटं वॉटमीटर मिळालं तर उत्तमच.

शोधताना

ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, हॉटेलचं सामान घेणारे-विकणारे व्यापारी आणि ओळखीचा फ्रिज मेकॅनिक, हे चार रस्ते. माझा भर शेवटच्यावर. मेकॅनिकला कुठलं यंत्र कुठल्या दुकानात किती वर्षं कसं चाललं ते माहीत असतं. शिवाय उद्या ते बिघडलं तर त्याच्याकडेच जायचंय, त्यामुळे तो सहसा डोळ्यांत धूळ फेकत नाही.

व्यापाऱ्याकडून घेतलं तर रंग मारलेला, पॉलिश केलेला माल मिळतो आणि महिना-दोन महिन्यांची तोंडी हमी मिळते. हमी कागदावर द्यायला तयार असेल तरच तिला किंमत द्या. बंद पडणाऱ्या दुकानातून थेट घेणं स्वस्त पडतं, आणि यंत्र जागेवर चालू अवस्थेत बघायला मिळतं हा त्याहून मोठा फायदा.

दोन ठिकाणी सावध राहा. शीतपेयं आणि आइस्क्रीमच्या कंपन्या दुकानदाराला कूलर-फ्रीझर वापरायला देतात, पण मालकी बऱ्याचदा कंपनीचीच राहते. अंगभर कंपनीचं चित्र असेल, मागे बारकोडची पट्टी किंवा मालमत्ता क्रमांक असेल, तर दुकानदाराकडे तो विकत घेतल्याचं बिल किंवा कंपनीने विकल्याचा कागद मागा. नसेल तर परत फिरा. स्वस्त मिळाला म्हणून दुसऱ्याची वस्तू घरात कशाला?

दुसरं म्हणजे 'माझी बदली झालीय, मी लष्करात आहे, फ्रिज आजच उचला' म्हणत आगाऊ पैसे मागणारे. पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, तो फक्त द्यायला करतात. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

फोनवर एवढं विचारून घ्या: किती वर्षांचा, आत्ता चालू आहे का, शेवटचा कधी चालला, गॅस कधी भरला, कॉम्प्रेसर बदललाय का, आणि मागच्या पट्टीचा फोटो. 'सहा महिने बंद आहे, पण चालू स्थितीत आहे' या वाक्याचा अर्थ 'माहीत नाही' असा धरा.

मागची पट्टी वाचायला शिका

पत्र्याची किंवा स्टिकरची ती पट्टी म्हणजे यंत्राची जन्मपत्रिका. त्यावर बनावटीचं साल, व्होल्टेज, अँपिअर, गॅसचं नाव आणि वजन असतं.

आर-१३४ए हा गॅस असेल तर चिंता नाही, गल्लीतला मेकॅनिकही भरतो. आर-४०४ए जरा महाग, पण मिळतो. आर-१२ दिसला तर यंत्र फारच जुनं आहे. ओझोनला घातक म्हणून तो आपल्याकडे २०१० पासून बंद आहे, ते यंत्र सोडून द्या. आर-६००ए आणि आर-२९० हे नव्या यंत्रांतले गॅस, अनुक्रमे आयसोब्युटेन आणि प्रोपेन. वीज कमी लागते, पर्यावरणाला बरे, पण ज्वलनशील. गॅस जेमतेम शे-दीडशे ग्रॅम असतो, त्यामुळे घाबरून जाऊ नका. मात्र असं यंत्र शेगडीजवळ किंवा हवा न खेळणाऱ्या कोठीच्या खोलीत ठेवू नये, आणि दुरुस्तीला या गॅसचं प्रशिक्षण घेतलेलाच माणूस बोलवावा. आत गॅस असताना ज्योत पेटवून नळी डागणारा मेकॅनिक नको.

मग खाली वाकून कॉम्प्रेसरवरची पट्टीही पाहा. फ्रिजच्या पट्टीवर एक गॅस आणि कॉम्प्रेसरवर दुसराच असेल, तर कॉम्प्रेसर बदललेला आहे. ते वाईटच असं नाही, पण विकणारा 'ओरिजिनल आहे साहेब' म्हणत असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्याचाही अंदाज येतो.

प्रत्यक्ष पारख

जाताना टॉर्च, मोजपट्टी, एक थर्मामीटर, कोरा कागद आणि जमलं तर टॉंग टेस्टर, म्हणजे वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र, न्या. मी येईपर्यंत यंत्र बंद ठेवा, असं आदल्या दिवशी सांगून ठेवा. पोचल्यावर पहिल्यांदा कॉम्प्रेसरला हात लावा. तो कोमट लागला, तर तुम्ही यायच्या आधी गारवा तयार करून ठेवलाय.

बंद यंत्रात पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांत घाई नको. दारात कागद धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाला तर तिथलं रबर गेलं. चारही बाजूंनी असं करा. रबर बदलता येतं, म्हणून त्यावर भाव पाडून घ्या. बिजागरी लोंबलेली आहे का, पेटीच्या तळाचा पत्रा गंजून फुगलाय का, तांब्याच्या नळ्यांच्या जोडांवर तेलाचे काळपट डाग आहेत का, ते टॉर्च मारून बघा. गॅस गळतो तिथून तेलही झिरपतं, म्हणून असा डाग गळतीची खूण. व्हिसी कूलरच्या दुहेरी काचेच्या मधोमध धुकं दिसत असेल तर काचेचं सील फुटलंय. ते पुसून जात नाही, काचच बदलावी लागते.

मग नाक आत घाला, अगदी खरोखर. मासळीचा वास पुसून जाऊ शकतो. पण कुजका, आंबूस वास भिंतीच्या फटीतून येत असेल तर पाणी आतल्या फोमपर्यंत गेलंय आणि तो वास कधीच जात नाही.

आता यंत्र चालू करा आणि घड्याळ लावा. डीप फ्रीझरला वीस-पंचवीस मिनिटांत आतल्या भिंतींवर पांढुरका थर दिसू लागतो. तो चहूबाजूंनी सारखा हवा. एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी भिंती कोरड्या असतील तर गॅस कमी आहे किंवा नळी चोंदलीय. बाहेरून हात फिरवताना काही पेट्यांच्या बाजू गरम लागतात. त्यांची गरम कॉइल पत्र्याच्या आतूनच फिरवलेली असते, म्हणून काळजी नको. पण एखाद्याच ठिकाणी बाहेरून पाणी सुटत असेल, तर तिथला फोम भिजलाय.

टॉंग टेस्टर अख्ख्या केबलला न लावता आतल्या एकाच वायरला लावून अँपिअर बघा. पट्टीवरच्या आकड्यापेक्षा बरेच जास्त असतील तर कॉम्प्रेसर थकलाय. फारच कमी आणि गारवाही नाही, तर गॅस नाही.

तासाभराने व्हिसी कूलर पाच अंशांच्या आसपास यायला लागला पाहिजे. रिकामी पेटी तीन-चार तासांत उणे अठरापर्यंत जाते. तेवढं थांबणं शक्य नसेल तर दोन तासांत तापमान सतत उतरत जाताना तरी दिसलं पाहिजे. शेवटी थर्मोस्टॅट फिरवून यंत्र बंद पाडा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. एका झटक्यात सुरू झालं तर ठीक. 'हूंऽऽ… टक्, हूंऽऽ… टक्' असं होत राहिलं तर रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग, तरी गेलाय नाहीतर कॉम्प्रेसर शेवटच्या घटका मोजतोय. रिले स्वस्त, कॉम्प्रेसर नाही. दोन्हींतला फरक तिथे उभ्या उभ्या कळणार नाही, म्हणून कॉम्प्रेसर गेलाय असं धरूनच भाव करा.

'फक्त गॅस भरला की झालं' हे वाक्य या धंद्यात सगळ्यांत जास्त ऐकू येतं. फ्रिजचा गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळला. गळती शोधायची, नायट्रोजनचा दाब देऊन तपासायचं, फिल्टर बदलायचा, व्हॅक्यूम करायचा आणि मग वजनाने गॅस भरायचा, ही खरी दुरुस्ती. डीप फ्रीझरच्या भिंतीत, फोमच्या आत गळती असेल तर तेही होत नाही. तो माल भंगाराचाच.

भाव आणि कागद

त्याच मॉडेलच्या नव्या यंत्राची आजची किंमत मोबाइलवर काढा. पाच वर्षांच्या आतलं, चोख चाललेलं यंत्र निम्म्या किमतीपर्यंत ठीक. सात-आठ वर्षांपुढे पाव किमतीच्या वर जाऊ नये, कारण रबर, रिले, पंख्याची मोटर यांचा खर्च आता तुमच्या पदरी यायचा. हा माझा हिशेब, सौदा तुमचा.

साध्या कागदावर का होईना, पावती घ्या. तीत यंत्राचा अनुक्रमांक, रक्कम, तारीख आणि विकणाऱ्याची सही असू द्या. मूळ बिल असेल तर त्याची प्रतही.

आणणं आणि धुणं

टेम्पोत उभाच आणायचा. आडवा केला की कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत शिरतं. उभा आणला तर घरी चार-सहा तास थांबून चालू करा. नाइलाजाने आडवा करावा लागला असेल तर चोवीस तास उभा राहू द्या. दार दोरीने बांधा, आतल्या जाळ्या वेगळ्या काढा, आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावतो का ते टेम्पो बोलावण्याआधी मोजा.

घरात घेण्यापूर्वी बाहेरच थांबवा. हॉटेलच्या फ्रिजबरोबर झुरळं फुकट येतात. कॉम्प्रेसरच्या कप्प्यात आणि रबराच्या घडीत ऊब असते, तिथे त्यांचा संसार. खालची जाळी काढून तेलकट धूळ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा, कप्प्यात झुरळांचं जेल लावा आणि महिन्याभराने पुन्हा लावा, कारण अंड्यांतून नवी पिलावळ निघते.

आतून साबणाच्या कोमट पाण्याने, मग लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून पुसा. रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने साफ करा. पाणी जायची नळी मोकळी करा. तारेची घासणी वापरू नका आणि मशीनच्या बाजूला पाण्याचा पाइप धरू नका. झाकण उघडं ठेवून दिवसभर वाळवा.

जागा आणि वीज

भिंतीपासून वीतभर अंतर, शेगडीपासून लांब, उन्हात नाही, बंद कोठीत नाही. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो. ती कोंडली की मशीन जास्त धावतं आणि खोली तापते. समुद्राकाठच्या उघड्या गॅलरीत खारी हवा दोन पावसाळ्यांत पत्रा खाऊन टाकते.

१६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग द्या, एक्स्टेंशन बोर्ड नको. जुन्या यंत्राचा पत्रा करंट मारू शकतो, त्यामुळे इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या. गावाकडे व्होल्टेज वर-खाली होत असेल तर वीज परत आल्यावर तीन-पाच मिनिटं थांबून चालू करणारा स्टॅबिलायझर लावाच. घरचा छोटा इन्व्हर्टर हे यंत्र ओढेल अशी आशा करू नका. कॉम्प्रेसर सुरू होताना चालू असतानापेक्षा कितीतरी पट करंट खेचतो.

लहान मुलं असतील तर पेटीचं कुलूप कायम लावून किल्ली उंचावर ठेवा. फक्त बाहेरून उघडणारा खटका असेल तर तो काढूनच टाका. लपाछपीत मूल आत शिरलं आणि झाकण पडलं तर आतून ते उघडत नाही.

पहिला आठवडा

थर्मामीटर आत ठेवून दोन दिवस रिकामं चालवा. फ्रीझर उणे अठरा, कूलर पाचच्या खाली. मग सामान हळूहळू भरा. तीनशे लिटरच्या पेटीत एका दिवसात दहा-बारा किलोपेक्षा जास्त ताजा माल नको. वीस किलो आमरस एकदम कोंबला तर मधला भाग गोठायला वेळ घेतो आणि आंबतो. रस चपट्या पिशव्यांत, अर्धा-अर्धा किलो, आडव्या रचून गोठवा आणि वर तारीख लिहा. बर्फाचा थर बोटभर झाला की यंत्र बंद करून वितळू द्या. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडलात तर भिंतीतली नळी फुटते आणि सगळा गॅस निघून जातो.

कोकणात पावसाळ्यात वीज गेली की दिवस दिवस येत नाही. भरलेली पेटी झाकण न उघडता साधारण ४८ तास तग धरते, अर्धी भरलेली २४ तास. म्हणून मोकळी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवा, वर थोडी जागा सोडून. गावच्या बंद घरात पेटी ठेवणार असाल तर एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. पुढच्या खेपेला नाणं वरच असेल तर माल ठीक. नाणं तळाला जाऊन वर बर्फ जमला असेल, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. मासळी आणि मटण लगेच टाकून द्या, चव घेऊन बघू नका.